पक्षी स्वच्छ आहेत

कॅनडातल्या केंब्रिजच्या मोटारीच्या कारखान्यात माझ्या नवऱ्याने उभी हयात रंग तपासण्यात घालवली. नव्या कोऱ्या गाडीच्या दारावर केसाएवढा ओरखडा असला तरी त्याला तो लांबून दिसायचा. निवृत्त झाल्यावर तपासायला गाड्या उरल्या नाहीत, म्हणून त्याने कॅमेरा घेतला. कॅमेऱ्याला एकटं वाटू नये म्हणून लेन्स घेतल्या, लेन्सना दमट हवा बाधू नये म्हणून बेसमेंटमध्ये काचेचं कपाट घेतलं, आणि हे सगळं जमल्यावर तो रोज सकाळी नदीवर जाऊन हंसांचे फोटो काढू लागला. हंस म्हणजे इथले ते करडे गूस. सगळ्या गावाला शिटून ठेवणारे. आमची मुलगी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला असते. तिला तो रोज एक फोटो पाठवायचा आणि रविवारी फोनवर विचारायचा, कसा वाटला. ती बरेच दिवस ‘नाइस’ म्हणाली. मग एका रविवारी म्हणाली, "बाबा, इट्स अ गूस." त्यानंतर त्याने घराबाहेर रसिक शोधायला सुरुवात केली.

ते त्याला लगेच मिळाले. आमच्या भागात मराठी निवृत्तांची कमी नाही, आणि प्रत्येकाकडे एक तरी महागडा कॅमेरा पडून होता. महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष होते हृदयरोगतज्ज्ञ. त्यांना सगळे नुसतं डॉक्टर म्हणायचे. त्यांनी या लोकांना एकत्र करून एक उपक्रम काढला. महिन्यातून एकदा आमच्या बेसमेंटमध्ये जमायचं, जगातल्या एका थोर फोटोग्राफरचं आयुष्य आणि काम पडद्यावर बघायचं आणि त्याचं रसग्रहण करायचं. रसग्रहण हा डॉक्टरांचा शब्द. रस आम्ही पुरवायचा. म्हणजे मी.

मी तेव्हा अजून फार्मसीत अर्धवेळ काम करत होते. काउंटरमागे इतकी वर्षं उभं राहिल्यावर माणूस एक चेहरा कमावतो. समोरचं गिऱ्हाईक कसलंही औषध मागू दे, कसलीही तक्रार सांगू दे, त्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. तोच चेहरा घेऊन मी चहा आणि बटाटेवडे खाली न्यायची आणि जिन्याच्या पायरीवर बसून ऐकायची.

थोर फोटोग्राफरांची आयुष्यं साधारण एकाच पद्धतीने जातात, असं मला तिथे कळलं. लहानपणी गरिबी. मग कुणीतरी काका जुना कॅमेरा देतो. मग उपाशीपोटी भटकंती, जीपमध्ये झोप, युद्ध किंवा वाळवंट किंवा कोळशाची खाण, बायको सोडून जाते, एक फोटो जगभर गाजतो, आणि म्हातारपणी माणूस एकटा पडतो. डॉक्टर हे सगळं फार हळव्या आवाजात सांगायचे. उपाशी राहण्याचा भाग आला की कुणीतरी हात लांबवून वडा घ्यायचा. एकदा एका फोटोग्राफरने बर्फात उघड्यावर रात्र काढल्याचं चाललं होतं, तेवढ्यात मंडळाचे माजी अध्यक्ष म्हणाले, "इथे जरा गार वाटतंय का?" नवऱ्याने उठून हीटिंग वाढवलं आणि मग तो बर्फ पुढे चालू झाला.

फोटो पडद्यावर आले की मात्र सगळे गप्प व्हायचे. ती शांतता फार वेळ टिकत नसे. आमच्यात एक नागपूरचा तरुण होता, शेजारच्या वॉटर्लूला सॉफ्टवेअरमध्ये. तो पहिला बोलायचा. "भाऊ, हा कोणत्या लेन्सनं काढला असन?" मग अर्धा तास लेन्सवर. कोळशाने काळीठिक्कर पडलेली बाई पडद्यावर तशीच उभी राहायची आणि खाली बसलेले लोक तिच्या कपाळावरच्या घामाची शार्पनेस मोजायचे. मला त्या बायका-माणसांची दया यायची. खाणीतून सुटले आणि आमच्या बेसमेंटमध्ये सापडले.

अशी दोन-एक वर्षं गेली असतील. मग २०१७च्या सुमारास बातमी आली की पुण्याचे एक नामवंत फोटोग्राफर टोरोंटोला प्रदर्शनासाठी येणार आहेत. त्यांनी चाळीस वर्षं गायक-वादकांचे फोटो काढले होते. आमच्या पिढीच्या ज्या कुणाच्या घरी संगीताच्या ध्वनिमुद्रिका होत्या, त्यांनी या माणसाचं काम मुखपृष्ठांवर बघितलेलं होतं, नाव माहीत नसलं तरी. नवऱ्याने त्यांना लांबलचक ईमेल लिहिली. प्रदर्शन संपल्यावर आठवडाभर आमच्याकडे राहा, इथला फॉल, पानगळीचे रंग बघा, आमच्या मंडळींना दोन शब्द सांगा. उत्तर तासाभरात आलं. येतो, बायकोही आहे, जिना फार चढायला लावू नका.

नवऱ्याने ते काचेचं कपाट रिकामं केलं. सरांच्या कॅमेऱ्यासाठी. सगळ्यांनी त्यांना न बघताच सर म्हणायला सुरुवात केली होती.

सोमवारी तो त्यांना टोरोंटोहून घेऊन आला. सर उंच, वाकलेले, सत्तरी ओलांडलेले. त्यांच्या बायको, म्हणजे वहिनी, बुटक्या, पांढरे कापलेले केस, पायात पुरुषी बूट. सामान आत आणलं. दोन बॅगा, एक पिशवी. नवरा ड्राइव्हवेमध्ये गाडीची डिकी उघडी ठेवून उभाच राहिला.

"सर, कॅमेऱ्याची बॅग मागे राहिली का?"

"आणलाच नाही," सर म्हणाले. "फिरायला आलोय."

"म्हणजे, एकही नाही?"

"तुम्ही सुट्टीवर जाताना गाडीची दारं घेऊन जायचात का?"

नवरा हसला, पण मला त्याचा चेहरा माहीत होता. लग्नाला सोन्याशिवाय आलेल्या नवरीकडे सासू जशी बघते, तसा तो त्या दोन बॅगांकडे बघत होता.

आठवडाभर सरांनी काय केलं ते सांगते. आमच्या दिवाणखान्यात मागे रेलायची खुर्ची आहे. पहिल्या संध्याकाळी ते तिच्यात बसले आणि टीव्हीवर कर्लिंग लागलं होतं ते बघू लागले. बर्फावर एक दगड ढकलायचा आणि दोघांनी त्याच्यापुढे झाडू मारत पळायचं, असा तो खेळ. मी इतकी वर्षं इथे आहे, पण मला तो पूर्ण बघवलेला नाही. सरांना तो खेळ इतका आवडला की ते रोज नाश्त्यानंतर विचारायचे, "झाडूवाले कधी आहेत?"

मंडळी दर्शनाला येऊ लागली. डॉक्टर आले, माजी अध्यक्ष आले, नागपूरचा तरुण ऑफिसमधून लवकर निघून आला. सगळे सोफ्यावर ओळीने बसायचे आणि सरांबरोबर कर्लिंग बघायचे. डॉक्टरांना वाटलं, यात काहीतरी दृष्टी आहे. ते मला स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, "बघा, कलाकार कुठेही लय शोधतो." बाहेर सर म्हणत होते, "हा लाल शर्टवाला मुद्दाम हळू झाडतोय."

बुधवारी नवऱ्याने धीर केला. सरांना बेसमेंटमध्ये नेलं, आरामखुर्ची दिली आणि पडद्यावर आपले हंस लावले. मी आणि वहिनी जिन्यावर. त्याने निवडून निवडून ठेवले होते, तरी पुष्कळ होते. पोहणारे हंस, उडणारे हंस, धुक्यातले, पानगळीतले, एक रागावलेला. सरांनी एकही फोटो घाईत पुढे जाऊ दिला नाही. प्रत्येकाकडे नीट बघत होते. शेवटचा संपल्यावर नवरा उजेड करून त्यांच्याकडे बघत राहिला.

सरांनी खुर्चीत पाय लांब केले. मग म्हणाले, "पक्षी स्वच्छ आहेत."

माझ्या शेजारी वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी माझा फार्मसीचा चेहरा लावला. नवरा खूश. त्याने त्या दिवशी तिघांना फोन करून हे सांगितलं. "सर म्हणाले, क्लीन. क्लीन इमेज म्हणजे काय ते सरांनाच कळणार." हे कौतुक नसावं, अशी शंका त्याला शुक्रवारी आली. शुक्रवारी सकाळी ग्रोसरी उतरवता उतरवता तो मला म्हणाला, "पक्षी स्वच्छ, म्हणजे फोटो नाही, पक्षी. हो ना?" मी म्हटलं, दुधाची पिशवी आधी फ्रिजमध्ये ठेव.

वहिनी मला मात्र पहिल्या दिवसापासून आवडल्या. त्यांना फोटोंचं काडीचं कौतुक नव्हतं. मी कामावर नसेन तेव्हा आम्ही दोघी मॉलमध्ये जायचो, चालायचो, कॉफी घेऊन बसायचो. मी त्यांना एकदा विचारलं, इतक्या मोठ्या कलाकाराबरोबर आयुष्य काढणं कसं असतं. खरं सांगायचं तर मलाही त्या डॉक्टरी पद्धतीची गोष्टच ऐकायची होती, गरिबी आणि वाळवंटवाली.

"अगं, मी बँकेत होते," वहिनी म्हणाल्या. "त्याचं आयुष्य त्याच्यावर लिहिणाऱ्यांनी सांगितलंय. सगळे लिहितात, संघर्ष केला, संघर्ष केला. संघर्ष त्याचा, पगार माझा."

"पण सुरुवातीला त्रास झाला असेल."

"घरात मोरी एकच. तिची हा डार्करूम करायचा. पोरांच्या आंघोळी उरकून घ्यायच्या, कारण एकदा हा आत शिरला की कुणी दार वाजवायचं नाही. माझा धाकटा शाळेत सांगायचा, आमच्या मोरीत बाबा राहतात." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "एकदा मी आंघोळीला गेले तर दोरीवर एक अख्खं गाणारं घराणं वाळत घातलेलं. पाणी उडू नये म्हणून मी बसून आंघोळ केली. ते फोटो आता कुठल्याशा संग्रहालयात आहेत."

"राग नाही येत?"

"यायचा. मग फोटो बघायचे आणि आणखी यायचा. फोटो चांगले असायचे. वाईट असते तर सोपं गेलं असतं."

हे त्या अगदी भाजीचा भाव सांगावा तसं बोलल्या आणि मग बुटांच्या दुकानात शिरल्या.

शनिवारी रसग्रहण होतं. बेसमेंट भरलं. नेहमीच्या मंडळींच्या बायकाही आल्या होत्या, एरवी त्या येत नसत. डॉक्टरांनी ओळख करून दिली, ती गरिबीपासून सुरू झाली. सर मधेच म्हणाले, "माझे वडील वकील होते." डॉक्टर "वैचारिक गरिबी" असं काहीतरी म्हणून पुढे गेले.

मग पडद्यावर तो फोटो आला. सरांचा सगळ्यात गाजलेला. एक वृद्ध गायिका, मैफलीआधी, पडद्यामागच्या खोलीत. लोखंडी खुर्चीवर बसली आहे, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेतलाय आणि अंगठ्याने स्वतःची टाच चोळते आहे. मागे भिंतीला तंबोरा टेकवलेला. ती कॅमेऱ्याकडे बघत नाही, कुठेच बघत नाही. थोड्या वेळाने हजार माणसांपुढे बसायचं आहे आणि टाच दुखते आहे, इतकंच. मी तो पूर्वी एका मुखपृष्ठावर लहान आकारात बघितला होता. पडद्यावर मोठा झाल्यावर माझ्या हातातली किटली मी खाली ठेवली. माझी आई अशी टाच चोळायची, शाळेतून शिकवून आल्यावर. तेव्हा मला ते कधी बघावंसं वाटलं नव्हतं.

सरांनी गोष्ट सांगितली. त्या खोलीच्या कोपऱ्यात तीन तास उभा होतो. हललो नाही. बाईंना माझा विसर पडेपर्यंत वाट बघितली. लोक श्वास रोखून ऐकत होते.

"तीन?" वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या. "टोरोंटोला सांगितले तेव्हा दोन होते."

"म्हणजे?"

"हा वडापाव खायला बाहेर गेला होता. परत आला तर ती टाच चोळत बसलेली. काढला फोटो. झालं."

खाली प्रश्न सुरू झाले होते. डॉक्टरांनी विचारलं, त्या क्षणी आपल्या अंतर्मनात नेमकं काय होतं. सर म्हणाले, आठवत नाही. माजी अध्यक्षांनी विचारलं, प्रतीक्षा ही साधना म्हणता येईल का. सर म्हणाले, म्हणा. मग नागपूरच्या तरुणाने हात वर केला.

"सर, लेन्स कोणती होती?"

"होती ती."

तरुणाने हे उत्तर फोनमध्ये टिपून घेतलं.

रविवारी सकाळी पोहे खाताना मी सरांना सरळ विचारलं. वहिनी समोरच होत्या, त्यांनी मान वर केली नाही. नवऱ्याचा चमचा मात्र हवेत थांबला.

"वडापाव, हो," सर म्हणाले. त्यांना अजिबात लाज वाटली नाही. "सुरुवातीला मी खरं सांगायचो. मग लोक विचारायचे, वडापाव कुठला. कुठल्या गाडीवरचा. आता ती गाडी आहे का. म्हणून मी उभा राहायला लागलो. तीन तास उभं राहिलं की लोकांना बरं वाटतं."

"मग ते नशीबच म्हणायचं," मी म्हटलं. माझ्या बोलण्याला धार होती, ती मला लपवायचीही नव्हती.

"आम्ही पाच जण होतो फोटो काढायला. बाई चिडलेल्या होत्या, कुणाला उभं करेनात. बाकीचे चौघं घरी गेले. मी खाऊन परत आलो." त्यांनी लिंबू पिळलं. "आणि परत आल्यावर त्या टाच चोळतायत म्हटल्यावर, थांबा, नीट बसा, असं म्हणालो नाही. एवढंच माझं. बाकी नशीब."

नवऱ्याने चमचा खाली ठेवला. मला वाटतं, त्याला वडापावचा धक्का बसला होता.

दुपारी सगळे पुन्हा आले, ग्रुप फोटोला. मंडळाच्या स्मरणिकेसाठी सरांच्या हातचा फोटो हवा, असं डॉक्टरांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आमच्या मागच्या अंगणात मेपल लालभडक झालेला, हवा कडक गार. बायका पैठण्यांवर हिवाळी जॅकेटं घालून आल्या होत्या. ती फोटोपुरती काढायची ठरलं होतं, पण आधी कुणी काढायची यावर कुणीच पुढे होईना. वहिनींनी साडीवर माझं जुनं निळं जॅकेट चढवलं आणि त्या बाजूला उभ्या राहिल्या. त्यांना फोटोत यायचं नव्हतं.

मधे खुर्च्या दोन. एक अध्यक्षांची. दुसरी सरांची. हे सगळं झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "सर, या, मधे बसा."

"मग काढणार कोण?"

एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. नवरा म्हणाला, टायमर लावता येईल, कॅमेऱ्याची तिपाई आणतो. नागपूरचा तरुण म्हणाला, रिमोट आहे माझ्यापाशी, घरी. माजी अध्यक्ष एव्हाना दुसऱ्या खुर्चीच्या मागे जाऊन, तिच्या पाठीवर हात ठेवून, सहज उभे असल्यासारखे उभे होते.

"द्या इकडे," सर म्हणाले.

नवऱ्याने गळ्यातला कॅमेरा काढून दिला. तान्हं मूल देताना मान सांभाळतात, तसा. कुठलं बटण कशाचं ते सांगू लागला. सरांनी ऐकता ऐकता दोन चक्र्या फिरवल्या आणि नवऱ्याचा चेहरा कसनुसा झाला, कारण ती मांडणी जमवायला त्याला महिना लागला होता. मग तो तिपाई आणायला धावला. मी चहा आणायला आत गेले. खुर्च्यांचा वाद मिटायला वेळ लागणार हे उघड होतं.

शेवटी सगळे बसले, उभे राहिले, जॅकेटं निघाली, सर म्हणाले "इकडे बघा," आणि फोटो निघाले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते बघून सगळे वा वा करून चहाला लागले. सोमवारी पाहुणे गेले. टोरोंटोहून विमान होतं. जाताना सरांनी नवऱ्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "तुमची खुर्ची फार चांगली आहे."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर नवरा खालून हाक मारत होता. कॅमेऱ्यातले फोटो त्याने कॉम्प्युटरवर घेतले होते. ग्रुप फोटो बरे होते, म्हणजे जसे असतात तसे. ओळीने दात. "याच्या आधीचा बघ," तो म्हणाला.

तो एकच होता. पोज घेण्याच्या आधीचा. सर चक्र्या फिरवत अंगणात भटकत होते तेव्हा केव्हातरी काढलेला. डॉक्टर खुर्चीत अर्धे बसलेले, अर्धे उठलेले, खुर्चीचा हात मुठीत घट्ट. दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवर माजी अध्यक्षांची बोटं, आणि त्यांचे डोळे डॉक्टरांच्या मुठीवर. नागपूरचा तरुण एकटाच सरळ आपल्याकडे बघतो आहे असं वाटतं, पण नीट बघितलं की कळतं, तो लेन्सवरची अक्षरं वाचतो आहे. एका पैठणीवाल्या बाईने दुसरीच्या जॅकेटचं टोक धरलंय, तू आधी. कडेला वहिनी निळ्या जॅकेटमध्ये, डोळे मिटून हसतायत. आणि मध्यभागी, कुणाचंच लक्ष नाही अशा जागी, माझा नवरा. दोन्ही हातांनी तिपाई पोटाशी धरून, तोंड किंचित उघडं, सरांकडे बघत. इतकं उघडं कौतुक मी त्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. आमच्या लग्नातसुद्धा नाही. मला ते बघवेना, म्हणून मी नजर फोटोच्या मागच्या बाजूला नेली.

तिथे मी होते. स्वयंपाकघराच्या सरकत्या काचेमागे, हातात ट्रे. अर्ध्या चेहऱ्यावर काचेतल्या मेपलची लाल छाया. उरलेला अर्धा स्वच्छ दिसत होता. भुवई वर, ओठाचं टोक खाली. मी त्या सगळ्यांकडे बघत होते, आणि कसं बघत होते ते सांगायला रसग्रहणाची गरज नव्हती.

माझा तो कमावलेला चेहरा कुठेच नव्हता. किंवा कदाचित कधीच नव्हता, आणि दोन वर्षं जिन्यावर बसून मी जे मनात ठेवलं होतं असं मला वाटत होतं ते सगळे बघत होते. त्या फोटोत प्रत्येक जण हास्यास्पद होता आणि फोटो कुणालाही हसत नव्हता. लोकांना हसणं होतं ते फक्त माझ्या तोंडावर.

"फोकस बघ," नवरा म्हणाला.

"कशाचा?"

"काचेवर नाही. काचेतून आत गेलाय. तुझ्यावर आहे. ऑटोफोकस असा जाणारच नाही, हाताने केलाय त्यांनी." तो पडद्याला नाक लावून बघत होता. कारखान्यात दारांकडे बघायचा तसा. मग तसाच, वळून न बघता म्हणाला, "तू अशीच बघतेस."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस कधी?"

"काय बोलायचं? वडे चांगले होतात तुझे."

मी वर निघून गेले. रागावून नाही. मला काय झालं होतं ते मलाही सांगता आलं नसतं.

पुढच्या बैठकीत स्मरणिकेसाठी फोटो निवडायचा होता. नवऱ्याने दोन्ही लावले. दातांच्या ओळीवर एकमत झालं. मग दुसरा लागला. डॉक्टर चष्मा पुसून पुढे आले.

"हा काढून टाका. मी खुर्ची ओढतोय असं वाटतं यात."

"ओढत होतात," मी जिन्यावरून म्हटलं.

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, मग पडद्यावरच्या माझ्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. माजी अध्यक्ष खोकले. पहिल्यांदाच त्या बेसमेंटमध्ये एखाद्या फोटोसमोर शांतता टिकली.

"पण शार्प आहे, भाऊ," नागपूरचा तरुण शेवटी म्हणाला. "कोणती लेन्स लावली होती तुम्ही?"

स्मरणिकेत दातांची ओळ छापून आली, खाली सरांचं नाव, वर डॉक्टरांचा संदेश. नवऱ्याने मला न विचारता दुसऱ्या फोटोची मोठी प्रत काढून आणली आणि बेसमेंटमध्ये हीटिंगच्या फर्नेसच्या खोलीच्या दारावर लावली. मी कपडे धुवायला खाली जाते तेव्हा मी माझ्याकडे तशीच बघत असते. पहिले काही दिवस मी लाँड्रीची बास्केट तोंडासमोर धरून जायची. मग सवय झाली. चहा मी अजून करते, पण आता खुर्ची घेऊन खाली त्यांच्यात बसते. एकदा मी एका फोटोबद्दल दोन वाक्यं बोललेसुद्धा. डॉक्टर म्हणाले, वा, वहिनी, छान निरीक्षण. ते ऐकून मला परत जिन्यावर जाऊन बसावंसं वाटलं.

नवऱ्याने तो फोटो सरांनाही ईमेलने पाठवला होता, आभाराच्या लांबलचक पत्रासकट. उत्तर आलं नाही. तो रोज बघायचा. दिवाळी गेली, बर्फ सुरू झालं. मग एका सकाळी वहिनींचा फोन आला. आधी गुडघे, मग धाकट्या मुलाच्या घराचं काम, मग मीच विचारलं, सरांनी फोटो बघितला का.

"अगं, तेच सांगत होते. तो म्हणतो, हा मी काढलेला नाही."

"त्यांनीच काढलाय. आमच्या अंगणात."

"मी सांगितलं. म्हणतो, ग्रुप फोटो मी काढत नाही. दोन दिवस कॉम्प्युटरवर मोठा करून बघत बसला होता. तो तिपाईवाला माणूस कोण, म्हणे. मी म्हटलं, ज्याच्या घरी आठवडाभर जेवलास तो. काचेमागच्या बाईवर मात्र बराच वेळ होता. शेवटी म्हणाला, ज्याने कुणी काढलाय, बरा काढलाय."

"बरा?"

"त्याच्या तोंडून बरा म्हणजे पुष्कळ झालं. स्वतःच्या एका फोटोलाही तो बरा म्हणत नाही. आता स्वतःचाच आहे हे माहीत नाही म्हणून म्हणाला." त्या हसल्या. पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली आणि त्यांनी फोन ठेवला.

नवरा ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हलने सारून आत आला. टोपीवर बर्फ, नाक लाल. बूट काढता काढता त्याने विचारलं, "पुण्याचा फोन होता ना? सर काही म्हणाले का फोटोबद्दल?"

"बरा आहे म्हणाले."

तो बूट हातात धरून उभा राहिला. मॅटवर पाणी गळत होतं.

"कशाबद्दल? कॅमेऱ्याबद्दल?"

मी त्याच्याकडे बघितलं. तोंड त्या फोटोतल्यासारखंच किंचित उघडं होतं.

"हो," मी म्हटलं. "कॅमेऱ्याबद्दलच."